साळिंदराची जात कशी ओळखावी?

प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यापुढें ‘हें साळिंदर’ असें म्हटलें, कीं आपलें समाधान होतें. परंतु तें कोणत्या जातीचें, हा खरा प्रश्न आहे.

शेंडीदार साळिंदराच्या तीन जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. पहिली भारतीय, ती तुर्कस्तानापासून श्रीलंकेपर्यंत आढळते. कर यानें १७९२ सालीं तिला शास्त्रीय नांव दिलें. दुसरी इटली व उत्तर आफ्रिकेपासून टांझानियापर्यंतची; तिचें नामकरण लिनियस यानें १७५८ सालीं केलें. तिसरी आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील. तिचें वर्णन पीटर्स यानें १८५२ सालीं केलें.

पाहणारांचें लक्ष पाठीवरील मोठ्या काट्यांकडे जातें. पण तिन्हींचे काटे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचेच असतात. म्हणून आपण प्राण्याच्या मागच्या बाजूस उभें राहावें. दुसऱ्या जातीच्या कमरेचा मध्यभाग काळा असतो. तिसरीच्या त्याच जागीं पांढरी रेघ दिसते. भारतीय साळिंदराच्या शेपटीवरील आखूड काटे पांढरे दिसतात. शेपटीच्या टोकाशीं कांहीं पोकळ काटे असतात. प्राणी चिडला म्हणजे ते हलवून खुळखुळाट करतो. दक्षिण आफ्रिकेच्या जातीचे हे काटे दुसरीपेक्षां अधिक लांब व रुंद असतात. शेंडी अगदींच तोकडी असेल व काट्यावर मध्यें एकच काळा पट्टा असेल, तर तें मलायाकडील चौथ्या जातीचें समजावें.

नाकाच्या हाडांची लांबी ही याहून पक्की खूण होय. दुसऱ्या जातीचीं तीं फार लांब, भारतीयेचीं त्या मानानें आखूड असतात. परंतु जिवंत प्राण्याची कवटी कशी पाहावी? तेव्हां तो कोठून आणला, ही नोंद जपलीच पाहिजे. तीही नेमकी हवी. केनिया व टांझानिया येथें दुसरी व तिसरी या दोन्ही जाती राहतात, म्हणून ‘पूर्व आफ्रिका’ एवढ्यानें भागत नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. चुकीच्या पाटीवर भरंवसा ठेवून भिन्न जातींचे नर-मादी एकत्र ठेवले, तर पुढील पिलांच्या वंशाची खात्री राहत नाहीं. आणि तीच पाटी वाचून शेंकडों मुलें चुकीचें शिकून घरीं जातात. साळिंदर काटे नेम धरून फेंकतें, हा समजही असाच न पाहतां पसरला. वस्तुतः काटे स्पर्श होतांच सहज निखळून शत्रूच्या अंगांत रुततात.

यास्तव आम्ही वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, पाटी अवश्य वाचावी. परंतु मग प्राण्याकडेही नीट पाहावें, आणि दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं हें स्वतः ठरवावें.