बेबी कॅरियर आणि बाळाचा श्वास
प्रश्न : बाळ तीन महिन्यांचे आहे. सांडोरहून वसई रोड स्थानकापर्यंत त्यास बेबी कॅरियरमधून नेणे सुरक्षित आहे काय? (एक माता, सांडोर)

उत्तर : चालत नेण्यास हरकत नाही, मात्र चार महिन्यांखालील अर्भकाची मान दुर्बल व श्वासमार्ग अरुंद असल्याकारणाने, हनुवटी छातीवर टेकताच कसलाही आवाज न होता श्वास कोंडू शकतो, सबब हनुवटीखाली दोन बोटांची जागा राखावी, मुख सदैव दृष्टीसमोर असावे आणि गुडघे नितंबांहून किंचित उंच राहावेत. उन्हासाठी पदर बाळाच्या तोंडावर ओढण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. वसईच्या दमट हवेत एक सुती झबले पुरते. दुचाकीवर व चुलीपाशी कॅरियर सर्वथा वर्ज्य. बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांस विचारावे.