विषाणूबल आणि आतुरबल : करोनाच्या उपप्रकारांच्या घातकतेची तुलना

‘आताचा करोना सौम्य झाला आहे’ हे वाक्य चिकित्सालयात आणि औषधी-दुकानात सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. ते कितपत खरे, हे वैद्यवर्गाने तरी तपासून पाहावयास हवे.

मृत्युदर हा अपूर्णांक आहे; त्याचा छेद कोणता, हे प्रथम पाहावे. १००० संसर्गितांपैकी १० दगावले, पण त्या दहांसह नोंद २०० जणांचीच झाली, तर कागदावरील दर ५ टक्के आणि प्रत्यक्षातील १ टक्का. २०२० च्या आरंभी चाचण्या दुर्मीळ होत्या. २०२२ मध्ये घरगुती चाचण्यांमुळे असंख्य रुग्ण नोंदीबाहेर राहिले. अशा दोन लाटांचे दर शेजारी मांडून निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

विषाणू काळाबरोबर क्रमाने सौम्यच होतो, हा समजही टिकत नाही. अल्फा मूळ विषाणूहून घातक ठरला आणि डेल्टा अल्फाहूनही. रुग्ण अत्यवस्थ होण्यापूर्वीच विषाणू दुसऱ्या शरीरात पोहोचलेला असतो. रुग्णाच्या मृत्यूने त्याचे फारसे अडत नाही. अर्थात, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे झालेले सर्वच मृत्यू डेल्टाच्या माथी मारता येणार नाहीत. प्राणवायू व खाटा न मिळाल्याने गेलेलेही त्यांत आहेत.

ओमिक्रॉन खरोखरच कमी घातक होता. इंग्लंडमध्ये वय व लसीकरण यांचा हिशेब धरून केलेल्या तुलनेत त्यातील मृत्यूचा धोका डेल्टाच्या सुमारे एक तृतीयांश आढळला. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात तो श्वासनलिकांत वेगाने, परंतु फुप्फुसाच्या ऊतींत मंद वाढताना दिसला. तो प्रयोग डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला आणि पुढच्याच काही महिन्यांत त्याच नगरात ओमिक्रॉनने हाहाकार उडविला. आधीच्या दोन वर्षांत तेथे सुमारे दोनशे मृत्यू झाले होते. २०२२ च्या एप्रिलअखेर ते नऊ हजारांच्या घरात गेले. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते आणि त्यांतील पुष्कळांनी लस घेतलेली नव्हती. न्यूझीलंडमध्येही ओमिक्रॉनचाच उद्रेक झाला, परंतु वृद्धांचे लसीकरण आधीच झालेले असल्याने तेथील मृत्यू फारच थोडे. व्याधिक्षमत्व सर्व शरीरांत सारखे नसते, हा चरकसंहितेतील विचार येथे आकड्यांतून दिसतो. २०२२ नंतर आढळणाऱ्या सौम्यतेतही पूर्वीच्या संसर्गाने व लसीने मिळालेल्या आतुरबलाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

म्हणून वृद्ध, मधुमेही, वृक्कविकारी किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेला रुग्ण आला असता उपप्रकाराचे नाव विचारीत बसू नये. श्वासाची गती मोजावी, बोटाला यंत्र लावून प्राणवायूचे प्रमाण पाहावे. ते ९४ च्या खाली असेल, अथवा बोलताना धाप लागत असेल, तर काढ्यावर एक दिवसही न दवडता रुग्णालयात पाठवावे. लक्षणे आरंभीचीच असली तरी अशा रुग्णास विषाणुरोधक औषध द्यावयाचे काय, याचा निर्णय पहिल्या पाच दिवसांतच व्हावा लागतो; औषधी-दुकानदारांनी त्याला खोकल्याची बाटली देऊन परत न पाठविता त्याच दिवशी तपासणीसाठी धाडावे.