ग्रामसभेची नोटीस वस्तीवर कधी येणार?



या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहावयाचे ठरले होते. ते पुढील अंकी पाहू. गेल्या हंगामातील एक गोष्ट मनातून जात नाही. तिचा संबंध उसाशी जेवढा आहे तेवढाच गावच्या कारभाराशी आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या गटातील एका गावी जानेवारीत तोड चालू होती. गावाचे नाव घेत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. फडापासून डांबरी सडकेपर्यंत मैलभर शिवरस्ता. वरच्या चारीचे पाणी फुटून रस्त्यात आले आणि भरलेली डबल ट्रॉली ओढ्यापाशी रुतली. दोन ट्रॅक्टर जुंपले तरी हलेना. शेवटी मोळ्या उतरवल्या, रिकामी ट्रॉली बाहेर काढली, पुन्हा भरणी केली. टोळीने त्याचे वेगळे पैसे मागितले, त्यात त्यांचेही चुकले नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. हा ऊस चौथ्या दिवशी काट्यावर आला. वाळून किती घटला ते त्या सभासदाला वजनाच्या पावतीवर दिसले. आपण त्यांना तात्या म्हणू. पावती घेऊन तात्या गट ऑफिसला आले आणि म्हणाले, "साहेब, एवढा मोठा कारखाना तुमचा, एक रस्ता करता येईना का?"

बोलणी खाणे हे शेतकी खात्याच्या कामाचाच भाग आहे, त्याचे काही नाही. पण मी ग्रामपंचायतीत जाऊन चौकशी केली. तेव्हा कळले, की त्या शिवरस्त्याचे मुरुमीकरण गावच्या आराखड्यात धरलेले होते. ऑगस्टच्या ग्रामसभेला पुरेशी माणसे जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला तीसेक माणसे आली, ती सगळी गावठाणातली. त्यांनी ते पैसे पेठेतल्या रस्त्याकडे वळवण्याचा ठराव केला. ठराव नियमाला धरून होता. पेठेतला रस्ताही वाईटच होता, खोटे कशाला बोला. मी तात्यांना विचारले, "तुम्ही सभेला का नाही गेलात?" ते म्हणाले, "सभा होती हेच मला आज तुमच्याकडून कळतंय."

दवंडी गावठाणात, सभासद मळ्यात

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो. पूर्वी त्याला मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. ग्रामसभेची नोटीस नेहमीच्या सभेसाठी सात दिवस आधी आणि विशेष सभेसाठी चार दिवस आधी निघाली पाहिजे, असा नियम आहे. ती चावडीवर लावायची आणि दवंडी द्यायची. हा नियम झाला तेव्हा गाव एका जागी होते. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत शिपाई डफ वाजवत गेला की गावभर कळत असे.

पुढे मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने नेवासा तालुक्यात आले. माणसे बागायतीपाठोपाठ रानात राहायला गेली. आज ऊस लावणारा सभासद बहुतेक वस्तीवर असतो, गावात येतो तो बाजारापुरता नाहीतर कुणाच्या लग्ना-मयताला. दवंडी मात्र अजून गावठाणातच फिरते. काही ठिकाणी तर तीही फिरत नाही. कागद फळ्याला लावला, त्याचा मोबाईलवर फोटो काढला, झाले काम. हल्ली गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर नोटीस टाकतात. ते चांगलेच आहे, पण त्या गटावर घरातला पोरगा असतो, सातबारा ज्याच्या नावावर तो म्हातारा नसतो. आणि सकाळच्या शंभर सुप्रभातांखाली नोटीस गडप होते.

आता आपल्या कारखान्याकडे पाहा. तोडीचा प्रोग्राम निघाला की आमचा चिटबॉय सायकलवर, आता मोटारसायकलवर, प्रत्येक वस्तीवर जातो. कुणाचे कुत्रे चावते आणि कुणाच्या बांधावरून वाट नाही हेही त्याला ठाऊक असते. तुमची लागण नोंद, जात, तारीख तुमच्या तोंडावर वाचली जाते आणि चूक असली तर तुम्ही तिथेच भांडता. एका दिवसाने तोड मागे गेली तरी सभासदाला कळते. मग गावचे लाखो रुपये कुठे खर्च होणार हे त्याला का कळू नये?

चार कागद

वार्षिक सर्वसाधारण सभेला येताना आपण अहवाल वाचून येतो. साखर उतारा किती पडला, गाळप किती झाले, प्रशासकीय खर्च का वाढला, हे प्रश्न आपल्या सभासदाला कोणी शिकवावे लागत नाहीत. (सभेत 'मंजूर, मंजूर' असा आवाजही होतो, तो भाग वेगळा.) ग्रामसभा ही गावाची तशीच सर्वसाधारण सभा आहे. तिथे शेअर लागत नाही, मतदार यादीत नाव असले की पुरे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास होतात. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते, इतके कायदा या सभेला महत्त्व देतो.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने चार गोष्टी ठेवल्याच पाहिजेत: वर्षाचा जमाखर्च, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षी कोणती विकासकामे करावयाची त्यांचा कार्यक्रम, आणि लेखापरीक्षकाने काढलेल्या हरकती व त्यांना दिलेली उत्तरे. शेवटचा कागद सहसा कोणी मागत नाही. माझा सल्ला, तोच आधी मागा. लेखापरीक्षकाने जिथे बोट ठेवले असेल तिथेच गावाचे दुखणे असते. कारखान्याच्या अहवालातही मी स्वतः शेवटची पाने आधी वाचतो.

गणपूर्तीचे गणित तात्यांना समजावून सांगितले तेव्हा ते चमकले, म्हणून इथेही देतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसे हवीत. सहाशे मतदारांच्या गावाला नव्वद लागतील. दोन हजारांच्या गावाला पंधरा टक्क्यांनी तीनशे होतात, पण तिथे शंभर पुरतात. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. तात्यांच्या गावी तीस माणसांनी सगळ्यांचा निर्णय केला तो असा. कुणी कपट केले असे नव्हे. जे आले त्यांनी ठरवले.

आणखी एक सवय मोडली पाहिजे. हजेरी वहीवर सह्या आधी होतात आणि ठराव नंतर, कधी दोन दिवसांनी, लिहिले जातात. ग्रामसेवक एकटा, कधी त्याच्याकडे दोन गावे, त्याचीही ओढाताण असते. (2024 च्या शासन निर्णयाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव दिले आहे. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) पण ठराव सभेतच लिहून, सभा संपण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवा, असे म्हणायला काय हरकत आहे? आपण कोऱ्या पावतीवर सही करतो का?

भगिनींसाठी दोन शब्द. प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. पंचायतीत निम्म्या जागा 2011 पासून महिलांसाठी राखीव आहेत. आपल्याकडे शेअर बाईच्या नावावर असतो, उसाची नोंद तिच्या नावावर असते, सभेला मात्र मालक जातात. पाण्याचा नळ किती वाजता येतो हे मालकांना विचारून पाहा म्हणजे झाले.

पैसे आले, मग रस्ता का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि नीट उत्तर न मिळाल्यामुळे सगळ्यात जास्त गैरसमजही त्यातूनच होतात. ग्रामपंचायतीचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक वाट आपल्या घरातून: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. दुसरी वाट सरकारी अनुदानाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांत केंद्राकडून जे अनुदान आले त्याचे बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते. शंभरातले साठ रुपये बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरले चाळीस. गावाला स्वतःच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारे एवढेच, आणि शिवरस्ता, शाळेची भिंत, पेठेतला रस्ता हे सगळे त्या चाळिसांत भांडतात. त्यातून पगार देता येत नाहीत. म्हणून "एवढे लाख आले, गेले कुठे" असे ओरडण्याआधी त्यातले बंधित किती होते ते विचारा. नाहीतर भाऊसाहेब एका वाक्यात तुम्हाला खाली बसवतील.

स्वतःच्या उत्पन्नातूनही काही हिस्से बाजूला काढावे लागतात. पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी. हे पैसे खर्च झाले का, आणि कशावर, हा प्रश्न विचारायला धाडस लागत नाही, फक्त माहिती लागते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. घरपट्टी थकवून दिवा का लागत नाही म्हणणारेही आपल्यातच आहेत. कराचे मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणाऱ्याला पंचायतीचे सदस्यपद घेता येत नाही आणि टिकवताही येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर वसुली एकदम का वाढते, हे आता लक्षात येईल.

कागदांची नावे माहीत असली की अर्धे काम होते. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक. नमुना 5 ही रोकडवही. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आणि नमुना 9 कर मागणीची. बऱ्याच जणांना वाटते नमुना 8 चा उतारा म्हणजे घराच्या मालकीचा पुरावा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

माहिती दिली नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राने हा कायदा 2002 सालीच केला होता, केंद्राचा 2005 मध्ये आला. त्यासाठी उपोषणे करणारे अण्णा हजारे आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे. दहा रुपयांची फी आणि तीस दिवसांची मुदत. पण माझ्या मते गावात अर्ज ही पहिली पायरी नसावी. आधी चावडीवर जा, चहा घ्या, वही बघायला मागा. अर्ज दिला की माणसे सावध होतात, वही बघितली की बोलती होतात.

हिवरेबाजारची पद्धत

ही गोष्ट ऊसविकास अधिकाऱ्याने सांगावी, हे थोडे विचित्रच. नगर तालुक्यातील हिवरेबाजार येथे श्री. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. अवर्षणी गाव, कालवा नाही. त्या गावाने ग्रामसभेत ठरवून शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि ऊस व केळी लावायची नाहीत असे ठरवले. आमच्या खात्याला ही बातमी गोड लागणारी नव्हे. आपल्या तालुक्यात कालवा आहे, जायकवाडीचा फुगवटा आहे, आपली परिस्थिती वेगळी, आणि ते ठराव जसेच्या तसे इथे आणा असे मी म्हणत नाही. घ्यायची ती त्यांची रीत. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि त्या वर्षी पाणी किती आहे व कोणत्या कामाला किती पुरेल याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडतात. मग पिकांचा निर्णय होतो. आधी आकडा, मग चर्चा, मग ठराव. ऊस नको म्हणणारा ठराव गावाने पाळला, कारण आकडा प्रत्येकाला माहीत होता.

नेवाशात तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी संस्कृतातले ज्ञान लोकांच्या बोलीत आणले ते याच गावी, पैस खांबापाशी. आपला जमाखर्च आज मराठीतच असतो, तरी 'इतर अनुषंगिक बाबी' अशा एका ओळीत मोठी रक्कम बसते आणि वाचणाऱ्याला काही उमगत नाही. 'ओढ्यापर्यंत मुरूम, इतके ट्रॅक्टर, इतके रुपये' असे लिहिले तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

आमच्याकडून एवढे होईल

गट ऑफिसच्या फळ्यावर आपल्या गटातील गावांच्या ग्रामसभांच्या तारखा लिहिण्याची तयारी आम्ही ठेवली आहे. नोटीस निघाल्याबरोबर तिची एक प्रत ग्रामपंचायतींनी गट ऑफिसला पाठवावी, ही विनंती. चिटबॉय कुठल्याही पक्षाचा कागद वाटणार नाही. परंतु वस्तीवर गेल्यावर "येत्या शुक्रवारी सभा आहे" एवढे तोंडी सांगेल. 2 ऑक्टोबरच्या सभेच्या वेळी हंगाम अजून तोंडावर असतो, टोळ्या यायच्या असतात, त्यामुळे रस्त्यांचा विषय काढायला तोच काळ बरा. डिसेंबरात चाक रुतल्यावर ठराव करून उपयोग नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांसाठी पाण्याची आणि दिव्याची सोय कुठे करायची, तेही त्याच सभेत बोलून घ्यावे. आपल्या उसासाठी बायकामुलांसह आलेली ती माणसे सहा महिने आपल्याच गावात राहतात, पण मतदार यादीत त्यांची नावे नसतात, त्यामुळे त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

तात्यांचे पुढे काय झाले, असे विचाराल. नंतरच्या 2 ऑक्टोबरच्या सभेला ते वस्तीवरची चाळीसएक माणसे घेऊन गेले. त्यांत अकरा बाया होत्या. पेठेतल्या मंडळींशी वाद झाला, आवाज चढले, आणि अखेरीस शिवरस्त्याचे काम दोन टप्प्यांत करण्याचा ठराव तिथेच लिहून वाचून दाखवण्यात आला. ओढ्यापर्यंत मुरूम पडला आहे. ओढ्यावरची नळकांडी मोरी दुसऱ्या टप्प्यात आहे. ती या हंगामाआधी झाली नाही तर तात्यांचा फड आधी तोडून घ्यावा लागेल, तशी नोंद मी गट ऑफिसला करून ठेवली आहे.

— ऊसविकास अधिकारी