चांगल्या निचऱ्याची दुमट मृदा : हिमनदीचा निक्षेप आणि हेब्बाळची तांबडी माती

मृदाविषयक ग्रंथांत ‘चांगल्या निचऱ्याची दुमट मृदा’ हे शब्द इतक्या वेळा आढळतात, की ती एखादी स्वतंत्र, सर्वत्र सारखीच असणारी जमीन आहे असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुतः या शब्दांनी जमिनीचे केवळ दोन गुण सांगितले जातात. एक, तिच्यातील लहानमोठ्या कणांचे प्रमाण. आणि दुसरा, तिच्यात शिरलेल्या पाण्याचे पुढे काय होते हा. ती जमीन कोठून आली, तिचे वय काय आणि तिला धोका कोठून आहे, याविषयी हे शब्द काहीच सांगत नाहीत. उत्तर अमेरिकेत हिमनदीने टाकलेल्या गाळावर जी मृदा तयार झाली तिलाही हेच नाव लागू पडते, आणि म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ येथील उंचवट्यावरच्या तांबड्या मातीलाही. या दोन मृदांची तुलना प्रस्तुत प्रकरणात करावयाची आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. मातीच्या कणांचे आकारमानाप्रमाणे तीन वर्ग केले जातात. ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू, ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचे कण म्हणजे पोयटा, आणि त्याहूनही सूक्ष्म कण म्हणजे चिकणमाती. (आपल्याकडील शेतकरी ‘पोयटा’ हा शब्द नदीकाठच्या एकंदर मऊ मातीसाठीही वापरतात, येथे तो केवळ मधल्या आकाराच्या कणांसाठी वापरला आहे.) या तिन्हींचे गुण जिच्यात एकत्र आलेले असतात, कोणाचेही वर्चस्व नसते, ती दुमट माती. तिच्यात साधारणपणे शंभर भागांत चाळीस भाग वाळू, चाळीस भाग पोयटा आणि वीस भाग चिकणमाती असते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चिकणमाती इतर दोहोंच्या निम्मीच असूनही समतोल साधते, कारण तिच्या अतिसूक्ष्म कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो. ओली माती अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबून पुढे सरकवली असता चिकणमातीची लांब पट्टी निघते, वाळूची निघतच नाही, आणि दुमट मातीची थोडी निघून तुटते. प्रयोगशाळा जवळ नसेल तेव्हा मृदासर्वेक्षक आजही याच परीक्षेवर विसंबतात.

निचऱ्याविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी जितके झटपट निघून जाईल तितका निचरा चांगला, असे नाही. निव्वळ वाळूतून पाणी क्षणात निघून जाते. तिचा निचरा ‘अतिरिक्त’ समजला जातो, कारण पिकाच्या मुळांना तिच्यातून फारसे काही मिळत नाही. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत मुसळधार पावसानंतर दोनतीन दिवसांत मोठ्या रंध्रांतील पाणी खाली उतरते आणि तेथे हवा येते. सूक्ष्म रंध्रांतील पाणी मात्र मुळांसाठी मागे राहते. चांगली दुमट मृदा एक मीटर खोलीत पिकाला घेता येण्याजोगे सुमारे दीडशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. आवर्षणाच्या प्रदेशात एवढ्यावर पीक तगते किंवा जाते.

निचऱ्याची पारख करण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही. मीटर-दीड मीटर खोल खड्डा खणावा आणि त्याच्या उभ्या बाजूचा रंग पाहावा. जेथे हवा खेळती असते तेथे मातीतील लोहाचे ऑक्साइड होऊन ते कणांवर तांबड्या, तपकिरी किंवा पिवळ्या पुटाच्या रूपाने बसते. जेथे वर्षातील बराच काळ पाणी साचते तेथे ऑक्सिजन संपतो, लोह विद्राव्य रूपात वाहून जाते आणि माती राखाडी पडते. पाणी कधी चढते, कधी उतरते अशा थरात राखाडी पार्श्वभूमीवर तांबूस चट्टे दिसतात. साधारण एक मीटरपर्यंत असे चट्टे आढळले नाहीत तर त्या जमिनीचा निचरा चांगला मानतात. खड्ड्याची भिंत ही त्या जागेच्या पाण्याची नोंदवहीच होय, आणि तिच्यातील नोंदी खोडता येत नाहीत.

आता हिमनदीकडे वळू. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका व युरोप यांचा बराच मोठा भाग बर्फाच्या थरांखाली होता. काही ठिकाणी या थरांची जाडी किलोमीटरहून अधिक होती. असे बर्फ स्थिर नसते. स्वतःच्याच भाराने ते अतिशय संथपणे सरकते आणि तळाच्या खडकाला कानशीप्रमाणे घासते. या घर्षणातून निघालेले पीठ, खडे आणि घराएवढ्या शिळा यांचे जे मिश्रण बर्फाखाली किंवा बर्फ वितळताना जमिनीवर पडते त्याला ‘टिल’ म्हणतात. हा शब्द मूळ स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांचा आहे. नदी आपला गाळ निवडून टाकते, जड खडे आधी आणि बारीक कण शेवटी. हिमनदी अशी निवड करीत नाही, म्हणून टिलमध्ये सर्व आकारांचे कण सरमिसळ झालेले असतात. दुमट मृदेला हीच सरमिसळ हवी असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ज्या मृदेला राज्यमृदेचा मान दिला आहे ती ‘पॅक्स्टन’ मृदा या वर्गाचे चांगले उदाहरण होय. ग्रॅनाइट, गनाइस व शिस्ट या खडकांपासून झालेल्या टिलवर ती तयार झाली असून बहुधा लंबगोल टेकड्यांवर आढळते. तिचे वरचे थर मऊ, तपकिरी आणि हवेशीर आहेत. गवत, मका व फळबागा यांना ते मानवतात. परंतु पन्नास सेंटिमीटर ते एक मीटर खोलीवर एक वेगळाच थर लागतो. बर्फाच्या प्रचंड भाराखाली दाबला गेलेला हा टिल इतका घट्ट असतो, की मुळे त्यात शिरत नाहीत आणि पाणी फार सावकाश उतरते. वसंतात बर्फ वितळल्यावर पाणी या थरावर थबकते आणि त्याच्यावरून उताराने वाहू लागते. घर बांधणाऱ्याने शोषखड्डा खणताना हा थर विचारात घेतला नाही तर सांडपाणी वर येते. म्हणजेच, या जमिनीचा निचरा चांगला असला तरी त्याला तळ आहे.

तेथील शेतांच्या कडेने दगडी बांध मैलोगणती पसरलेले आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिलमधून दगड वेचून ते रचले. हिवाळ्यात जमीन गोठते तेव्हा खालचे दगड वर ढकलले जातात, त्यामुळे नांगरताना दरवर्षी नवे दगड हाती लागतात.

आपल्या वाचकांना हे सारे परके वाटेल. पण हिमनदीचा निक्षेप महाराष्ट्रातही आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे तालचेर काळातील गोलाश्म संस्तर आढळतो, आणि त्याच्याखालील चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७० च्या दशकात ते नोंदविले. मात्र हा टिल सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आता दगड झालेला आहे. त्याला मऊ मृदेचा जनक म्हणून पॅक्स्टनच्या टिलशेजारी बसविता येणार नाही. जनक पदार्थाचे नाव एक असले तरी वय वेगळे असल्यास मृदा वेगळी होते. हान्स जेनी यांनी १९४१ साली मृदा घडविणारे पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरचना, जनक पदार्थ आणि काळ. त्यांतील काळ हा घटक येथे निर्णायक ठरतो.

हेब्बाळकडे येताना हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. म्हैसूरच्या पठाराखालचा खडक मुख्यतः गनाइस आहे, म्हणजे पॅक्स्टन मृदेच्या टिलमध्ये दळला गेलेला खडकच. येथे मात्र त्याला कोणी दळले नाही. सुमारे तीन अब्ज वर्षे वयाचा हा खडक उष्ण हवामानात आणि पावसाच्या पाण्याने जागच्या जागी कुजत गेला. खड्डा खणला असता वरून खाली क्रमाने तांबडी माती, तिच्याखाली खडकाच्या रेषा अजून ओळखू येतील असा ठिसूळ मुरूम, आणि मग अखंड खडक असे थर लागतात. फेल्डस्पारचे रूपांतर केओलिन जातीच्या चिकणमातीत झाले, क्वार्ट्‌झ वाळूच्या रूपाने मागे राहिले, आणि लोहाने हेमॅटाइटच्या रूपात सर्वांना तांबडा रंग चढविला. येथील शेतकरी तिला कन्नडमध्ये ‘केंपु मण्णु’, म्हणजे तांबडी माती, म्हणतात. हा तांबडा रंग खोलवर एकसारखा आढळतो, आणि वर सांगितलेल्या कसोटीप्रमाणे तो चांगल्या निचऱ्याचीच साक्ष आहे.

पॅक्स्टनमध्ये अडचण खाली आहे. हेब्बाळच्या मातीत ती वर आहे. तांबड्या दुमट मातीत सेंद्रिय द्रव्य थोडे असते, त्यामुळे तिच्या ढेकळांची बांधणी दुबळी राहते. म्हैसूरला वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; त्याचा एक भर मे महिन्यात आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. वळवाच्या टपोऱ्या थेंबांनी उघड्या जमिनीवरची ढेकळे फुटतात, सुटे झालेले बारीक कण रंध्रांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर पृष्ठभागावर पातळ, कठीण पापुद्रा तयार होतो. पुढच्या सरीचे पाणी या पापुद्र्यावरून वाहून जाते. खाली मीटरभर जागा रिकामी असूनही माती कोरडी राहते, आणि नुकताच उगवलेला कोंब पापुद्र्याखाली अडकून मरतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत अशा तांबड्या मृदांवर विस्तृत काम झाले आहे. काळी माती चिवट आणि तांबडी माती पाणी पिणारी, हा सर्वसामान्य समज पिकाखालील तांबड्या मातीच्या बाबतीत नेहमी खरा ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

यावरील उपाय शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. जमीन उघडी पडू न देणे हा त्यांतील मुख्य. या भागात नाचणीच्या शेतात मधूनमधून पावटा, एरंडी, कारळा, ज्वारी अशी पिके ओळीने पेरण्याची रीत आहे. तिला ‘अक्कडी सालु’ म्हणतात. नाचणी निघाल्यावरही पावट्याचे वेल जमीन झाकून ठेवतात. उताराला आडवी नांगरट, शेणखत आणि पाल्याचे आच्छादन यांचाही हेतू हाच, की थेंबाचा मार मातीवर सरळ बसू नये.

एवढ्याने हेब्बाळची हकीकत संपत नाही, कारण मृदा एकटी नसते. जेफ्री मिल्न यांनी १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया, येथे काम करताना पाहिले, की टेकडीच्या माथ्यावर तांबडी, उतारावर पिवळसर आणि खोलगटात राखाडी-काळी माती हा क्रम पुन्हापुन्हा येतो. खडक एकच, फरक केवळ पाण्याच्या वाटचालीचा. या क्रमाला त्यांनी १९३५ मध्ये ‘शृंखला’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. पॅक्स्टनच्या टेकडीवरूनही खाली उतरताना वुडब्रिज, रिजबरी आणि व्हिटमन या क्रमशः अधिकाधिक पाणथळ मृदा लागतात. म्हैसूरच्या पठारावर हीच शृंखला तांबड्या माळापासून खोलगटातील काळपट भातखाचरांपर्यंत उतरते; फरक इतकाच, की येथे माणसाने तिच्या मध्ये बांध घालून तळे केले. कन्नडमध्ये अशा तळ्याला ‘केरे’ म्हणतात. माळावरून निसटलेली बारीक माती केरेच्या तळाशी जमते. उन्हाळ्यात पाणी आटले, की शेतकरी तो गाळ गाड्यांनी वर नेऊन तांबड्या शेतात पसरत. पावसाने खाली नेलेली चिकणमाती बैलांनी वर आणावी, असा हा व्यवहार होता. वाळूचे प्रमाण अधिक असलेल्या मातीची पाणी धरण्याची शक्ती त्याने वाढे आणि तळ्याचीही खोली टिकून राही. धरणे आणि रासायनिक खते यांच्या गणितात या श्रमाची नोंद कोठेच झाली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

हेब्बाळमध्ये आता ही शृंखला वरच्या टोकाला तुटली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे संगणक उद्योगाची संकुले आणि निवासी वस्त्या आल्या. इमारतीच्या पायासाठी चांगल्या निचऱ्याची जमीन सर्वांत सोयीची असते, आणि म्हणून शहर वाढू लागले की तीच प्रथम जाते. खोलगटातील पाणथळ जमीन मागे राहते. सडका, छपरे आणि फरशा यांनी झाकलेल्या तांबड्या मातीत पाऊस शिरूच शकत नाही. जे पाणी पूर्वी मुरमातून आठवडेच्या आठवडे झिरपत तळ्याकडे येई, ते आता तासाभरात गटारांतून येते, आणि गटारांतून पावसाखेरीज इतर पाणीही येते. सांडपाणी मिसळलेल्या तळ्याचा गाळ जड धातूंची तपासणी केल्यावाचून शेतात टाकता येत नाही. तपासणीत तो निर्दोष ठरला तरी तो पसरण्यासाठी जवळपास शेत उरलेले असावे लागते.

जेथे अंगण, बाग किंवा रस्त्याकडेची पट्टी अजून मोकळी आहे तेथे मात्र खालचा मुरूम आपले काम करावयास तयार असतो. छपरावरचे पाणी गाळून एखाद्या शोषखड्ड्यात सोडावयाचे असेल तर पॅक्स्टनच्या टेकडीपेक्षा हेब्बाळचा माळ त्यासाठी अधिक योग्य आहे. येथे घट्ट थर फोडावा लागत नाही. वरचा पापुद्रा आणि त्यावरची फरशी तेवढी बाजूला करावी लागते. खड्डा खणताना तांबड्या रंगात राखाडी चट्टे दिसू लागले, तर मात्र तेथे थांबावे आणि उताराने थोडे वर सरकून पुन्हा खणावे.