पडत पडत चालणे



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक तरुण आई बाळाला कडेवर घेऊन भेटायला आली. म्हणाली, "फादर, आशीर्वाद द्या. बाळ १३ महिन्यांचं झालं, अजून चालत नाही. माझ्या जावेची मुलगी दहाव्या महिन्यातच चालली." आशीर्वाद दिला. पण ही काळजी तिच्या एकटीची नाही, म्हणून आज हा पाठ.

बाळ आधी मान धरते, मग बसते, रांगते, पलंगाला धरून उभे राहते, भिंतीच्या आधाराने सरकते आणि एक दिवस हात सोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतके पसरलेले दिसले. काही मुले तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालू लागली. म्हणजे जावेची मुलगी लवकर चालली, पण हे बाळही मागे पडलेले नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन ॲडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळणाऱ्या मुलांची पावले मोजली. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १२ ते १९ महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती! जे करायला शिकायचे ते करूनच शिकता येते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र पडून पुन्हा उठणाऱ्या बाळांकडे पाहून कळला.

आपण मात्र बाळ पडू नये म्हणून त्याला चाकांच्या वॉकरमध्ये बसवतो. त्यात ते स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही. उलट वॉकरसह पायऱ्यांवरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो ढकलते. तोही मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावा.

घरात बाळाला अनवाणी चालू द्या. ओली लादी पुसून घ्या, पायऱ्यांपाशी अडसर लावा. पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नका. विहिरीकडे, बावखलाकडे जाणारे दार बंद ठेवा. दीड वर्षाचे झाले तरी बाळ आधाराशिवाय चालत नसेल, एकच पाय ओढत असेल किंवा आधी जमलेली गोष्ट आता जमत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने कसे मोजायचे, हेही त्यांनाच विचारा.

होशेय संदेष्ट्याच्या ११ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना चालायला शिकवणाऱ्या पालकासारखा दिसतो. हात केव्हा धरायचा हे अशा पालकाला कळते, तसेच तो केव्हा सोडायचा हेही कळते. त्या आईला मी एवढेच सांगितले, "जावेच्या मुलीचे महिने मोजू नकोस. तुझे बाळ धडपडू लागले की दोन पावलांवर हात पसरून बस." आजी-आजोबांनो, तुम्हीही तिला तेच सांगा.

– आपले धर्मगुरू