प्रोबेट, वसीयत आणि वारस दाखला : शब्द नीट समजून घेऊ या

दुकानाचा मालक अल्लाहला प्यारा झाला की थोड्याच दिवसांत घरात कागदांचा प्रश्न उभा राहतो. बँक एक दाखला मागते, उधारीचे गिऱ्हाईक दुसरा मागते आणि ओळखीचे लोक "प्रोबेट काढा" असे सांगतात. या शब्दांची सरमिसळ झाली की खर्च वाढतो आणि भावाभावांत तेढही येते. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आज या शब्दांचे अर्थ कायद्यात आणि शरीअतमध्ये काय आहेत ते पाहू.

प्रोबेट : पारखणे, सिद्ध करणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हा शब्द आला. सोनार कसोटीवर सोने घासून पाहतो, तसे न्यायालय मृत्युपत्र पारखते. ते मयताने शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने केले होते असे पटले की न्यायालयाच्या शिक्क्याची प्रत आणि मिळकतीचा कारभार पाहण्याचा अधिकार दिला जातो. भारतीय वारसा कायदा, १९२५ याला प्रोबेट म्हणतो. ते मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. व्यवस्थापक नेमलेला नसेल किंवा मृत्युपत्रच नसेल, तर जे मिळते त्याला लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे कारभारपत्र, म्हणतात. प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते. त्यातली मालमत्ता मयताच्याच मालकीची होती की नाही, हा वाद त्याने मिटत नाही.

याच कायद्याच्या कलम २१३ ने मुंबईसारख्या ठिकाणी काही समाजांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती केली होती. मुसलमानांच्या मृत्युपत्राला ती सक्ती कधीच नव्हती. २०२५ साली संसदेने ते कलमच काढून टाकले. म्हणून केवळ कोणी म्हणतो म्हणून प्रोबेटच्या मागे धावू नये. मात्र मृत्युपत्रावर कोणी हरकत घेतली, तर ते साक्षीपुराव्याने सिद्ध करावेच लागते.

वसीयत : आपल्या पश्चात काय करावे याची ताकीद म्हणजे वसीयत. ती पार पाडणाऱ्याला वसी म्हणतात. कायद्यातला एक्झिक्युटर तोच. सूरह बकराच्या १८० ते १८२ या आयतींत वसीयतीचा हुकूम आहे आणि ऐकलेली वसीयत बदलणाऱ्यावर गुनाह ठेवला आहे. सूरह माइदाच्या १०६ व्या आयतीत दोन न्यायी साक्षीदार सांगितले आहेत. पारख आणि पुरावा हा विचार आपल्याला परका नाही, तो इथेच आहे. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते. पण तोंडी शब्द सिद्ध करणे फार कठीण. वसीयत करण्याजोगे काही जवळ असताना दोन रात्रीही ती लिहून ठेवल्याशिवाय घालवू नयेत, असे हदीसमध्ये आले आहे. नोंदणी सक्तीची नसली तरी ती केलेली बरी.

मर्यादा दोन. पहिली, एक तृतीयांशाची. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) यांना प्रेषितांनी (स.) तेवढीच परवानगी दिली आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. दुसरी, ज्याला वारसा मिळतोच त्याच्या नावे वसीयत नाही. हनफी व शाफई दोन्ही मजहबांत या मर्यादेपलीकडचे काही करायचे तर मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते.

तरका : मयताने मागे ठेवलेले सारे. त्याच्या वाटणीचा क्रम ठरलेला आहे : कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत, शेवटी वारसांचे हिस्से. सूरह निसाच्या ११ व १२ व्या आयतींत हिस्से सांगताना ते वसीयत व कर्ज वजा करून द्यावेत असे पुन्हा पुन्हा बजावले आहे. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच.

हिशेब करून पाहू. एका दुकानदाराचा तरका १०,००,००० रुपये. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आधीच वारलेल्या मुलाचा एक मुलगा. कफन-दफन १०,०००, घाऊक व्यापाऱ्याचे देणे २,४०,००० आणि मेहर ३०,००० वजा जाता ७,२०,००० उरले. मुलगा हयात असल्याने नातवाला वारसा मिळत नाही. आजोबांनी वसीयत लिहिली असेल तर त्याला २,४०,००० पर्यंत मिळतील. लिहिली नसेल तर एक पैसाही नाही. वसीयत असल्यास उरलेल्या ४,८०,००० मध्ये बायकोचा आठवा हिस्सा ६०,०००, मुलाला २,८०,००० आणि मुलीला १,४०,०००. यतीम नातवाचे शिक्षण किंवा धंद्याचे भांडवल त्या एका कागदावर अवलंबून आहे, हे आजोबांनी ओळखावे.

सक्सेशन सर्टिफिकेट : मयताची येणी व शेअर-रोखे यांसाठी न्यायालय देते ते प्रमाणपत्र. व्यापाऱ्याला याचेच काम जास्त पडते. बापाच्या उधारीसाठी मुलाने दावा लावला, तर हे प्रमाणपत्र, प्रोबेट किंवा कारभारपत्र यांपैकी काही दाखवल्याशिवाय कलम २१४ प्रमाणे हुकूमनामा मिळत नाही. हे कलम मुसलमानांनाही लागू आहे.

वारस दाखला : महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली न्यायालय वारस म्हणून मान्यता देते. सक्सेशन सर्टिफिकेट जमीन-घरासाठी नसते. तिथे हा दाखला उपयोगी पडतो.

नॉमिनी : कंपनीच्या शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. खात्यावर एका मुलाचे नाव लावले म्हणून इतरांचा हक्क संपला, असे समजू नये.

हिबा : हयातीत दिलेली बक्षीस. ताबा दिल्याशिवाय ती पुरी होत नाही. कपाटात ठेवलेला नुसता कागद वारसांत भांडण लावतो.

आता करायचे काय? येणी-देणी व मेहर वहीत लिहा. भागीदारी असेल तर करारात भागीदाराच्या मृत्यूनंतर काय, हे नमूद करा. नाहीतर १९३२ च्या कायद्याप्रमाणे पेढी तिथेच संपते. वसी नेमा, दोन साक्षीदार घ्या आणि मसुदा आलिम व वकील दोघांनाही दाखवा. आपल्या मागे बायको, मुली आणि यतीम यांचा हक्क कोणाच्या मर्जीवर राहू नये, यासाठी ही तजवीज हयातीतच करून ठेवण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.