संगणक-सुरक्षितता : सामान्य नागरिकाने किती श्रम घ्यावेत?

संगणक व भ्रमणध्वनी यांच्या सुरक्षित वापराबाबत नागरिकांना दिल्या जाणाऱ्या सूचना आता इतक्या वाढल्या आहेत की, त्या सर्व पाळावयाच्या झाल्यास शेतकऱ्याला शेताकडे आणि शिक्षकाला वर्गाकडे पाहण्यास सवड उरू नये. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, लोक या सूचनांकडे दुर्लक्ष करतात ते आळसामुळे नव्हे. श्रमांच्या मानाने लाभ अल्प असतो, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. हे मत विचारात घेण्याजोगे आहे.

पासवर्डचेच उदाहरण घ्यावे. तो ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती अनेक कार्यालयांत असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मात्र जून २०१७ च्या मार्गदर्शिकेत ही सक्ती नको, तो फुटल्याचे दिसेल तेव्हाच बदलावा, असे सुचविले. सक्ती झाली की माणसे जुन्याच शब्दापुढे एखादा अंक जोडतात, नाही तर नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवितात. (ही चिठ्ठी पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.)

काही संकटे तर नागरिकाच्या आवाक्याबाहेरचीच असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. कोणा खातेदाराने कितीही लांब पासवर्ड ठेवला असता, तरी त्यातला एक रुपयाही वाचला नसता. तेथील पहारा हे संस्थेचेच कर्तव्य होय.

मग नागरिकाच्या हाती काय उरते? उरते ते थोडे आहे. परंतु सामान्य कुटुंबाची पुंजी बहुधा तेथेच जाते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकास माहीत असले, तरी फसवणुकीचा एक मोठा मार्ग बंद होतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. दृक्‌संवादावरून ‘डिजिटल अटक’ करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. तेव्हा गणवेशातील माणूस पडद्यावर दिसला तरी फोन खुशाल बंद करावा. बँक मित्राकडे अंगठ्याच्या ठशावर पैसे काढणाऱ्यांनी आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत व व्यवहारापुरते उघडावेत. शिक्षकांनी एखाद्या शनिवारी विद्यार्थ्यांना हे शिकविले, तर ते घरोघरी पोहोचेल.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर संकोच बाजूस ठेवून तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेलाही सूचना द्यावी. चोरीची रक्कम काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जाते. ती खात्यात असेपर्यंतच गोठविता येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकान्वये असे ठरविले की, दोष ग्राहकाचाही नसेल व बँकेचाही नसेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली असेल, तर नुकसान त्याच्यावर पडू नये. मात्र त्यानेच गुप्त संकेत दुसऱ्यास दिला असल्यास बँकेला कळवीपर्यंतची हानी त्याची. श्रम कोठे खर्चावेत, याचे उत्तर या एका भेदात बरेचसे मिळते.

शासकीय कर्मचारी, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांना मात्र ही मर्यादा लागू पडत नाही, कारण त्यांच्या हाती इतरांची माहिती असते. आपला पासवर्ड गमावणारा स्वतःचे नुकसान करतो; कार्यालयाचा गमावणारा साऱ्या गावाचे करू शकतो. २०१६ च्या आधार अधिनियमाने कोणाचाही आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणून लाभार्थ्यांची यादी फलकावर लावण्यापूर्वी किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी तीतील आधार व बँक खाते क्रमांकांचे रकाने काढून टाकावेत. जेथे चालेल तेथे अखेरचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत स्वीकारावी. आणि कपाटावर साचलेले जुन्या प्रतींचे गठ्ठे, जतन करण्याची मुदत संपली असल्यास, रद्दीत न घालता फाडून नष्ट करावेत.